चूल वेगळी, नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, हुंडा, पोटगी, रेशन, पाणी एवढे प्रश्न समोर उभे असताना बोधचिन्हाच्या नियमांवर अंकाची पानं खर्ची घालणं काहीजणींना चैन वाटेल. पण आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक गटाला हा प्रश्न कुठे ना कुठे येऊन भिडलेला आहे. मोर्च्याच्या फलकावर कुणाचं चिन्ह, पत्रकाच्या तळाशी कुणाचं नाव, फुटून निघालेल्या गटाने जुनं नाव लावायचं की नाही, यावरून बैठकाच्या बैठका झडल्या आहेत आणि वर्षानुवर्षांची मैत्री तुटली आहे. या भांडणांचा दांडगा अनुभव असलेली आणखी एक जमात आहे, ती म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची. संघटनेचा संगणक आणि अंकाची जुळणी माझ्याकडे असल्यामुळे या मंडळींची सॉफ्टवेअर मी रोज वापरते आणि त्यांची भांडणंही आवडीने वाचते. त्यांच्याकडून आपण काय घ्यावं आणि काय घेऊ नये, याबद्दल माझं मत मांडते आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. त्यामागचा विचार असा की सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, त्याचा कोड उघडून वाचावा, हवा तसा बदलावा, शेजाऱ्याला द्यावा, वाटल्यास विकावासुद्धा. १९८९ मध्ये त्यासाठी खास परवाना लिहिला गेला. आईने सुनेला मसाल्याचं प्रमाण सांगावं आणि सुनेने त्यात आपल्या माहेरची दगडफूल-नागकेशर घालून तो पुढे जावेला शिकवावा, तसा हा कारभार. प्रमाणावर कुणाची मालकी नाही. आपल्याला हे चटकन पटतं, कारण बायकांचं सगळं ज्ञान असंच हातातून हातात गेलेलं आहे.

मात्र यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हे सगळं वाटून टाकणारे लोक नाव आणि चिन्ह मात्र वाटत नाहीत. अपाची परवान्याच्या २००४ च्या आवृत्तीत स्वच्छ लिहिलं आहे की या परवान्याने आमची व्यापारचिन्हं वापरण्याची परवानगी मिळत नाही. स्टॉलमन यांच्या परवान्याच्या २००७ च्या आवृत्तीतही चिन्हांचे हक्क राखून ठेवायला मुभा दिलेली आहे. मुंबईच्या एक टाइपसारख्या संस्थांचे देवनागरी टंक ज्या परवान्याखाली फुकट मिळतात, त्यातही टंक बनवणाऱ्याला नाव राखून ठेवता येतं: अक्षरं बदला, पण बदललेल्या टंकाला आमचं नाव लावू नका. थोडक्यात, मसाला घ्या, डब्यावरचं नाव घेऊ नका.

यात ढोंग आहे का? मला तसं वाटत नाही. कोड दुसऱ्याला दिला तरी माझ्याकडचा कमी होत नाही. नावाचं तसं नाही. नाव म्हणजे ‘हे आम्ही केलं आहे, यात काही वाईट निघालं तर आम्हाला जाब विचारा’ असं दिलेलं वचन असतं, आणि एकाच्या वचनाखाली दहाजणांनी आपापला माल खपवला तर वचनाला किंमत उरत नाही. लिनक्सच्या बाबतीत तर नाव राखलं नाही म्हणून परकाच माणूस मालक होऊन बसला होता. अमेरिकेतल्या एका गृहस्थाने १९९४ मध्ये ‘लिनक्स’ हे नाव स्वतःच्या नावावर नोंदवण्यासाठी अर्ज केला, १९९५ मध्ये ते नोंदलं गेलं आणि १९९६ मध्ये त्याने लिनक्सवर धंदा करणाऱ्यांकडे उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मागणी सुरू केली. या माणसाने लिनक्स बनवलेलं नव्हतं. कोर्टकचेरी होऊन १९९७ मध्ये ते नाव मूळ निर्माते लीनुस टोरवाल्ड्स यांच्याकडे आलं. पुढे २०१४ मध्ये ग्रुपॉन या बड्या कंपनीने आपल्या दुकानदारी यंत्राला ‘नोम’ हे नाव दिलं आणि ते नोंदवायलाही निघाली. त्या नावाचा मुक्त प्रकल्प १९९७ पासून चालू होता. त्याच संस्थेने बायकांना या क्षेत्रात आणण्यासाठी मानधनासह उमेदवारीची योजना चालवली होती, जी आज आउटरीची म्हणून ओळखली जाते. संस्थेकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते. तिने ८०,००० डॉलरसाठी जाहीर हाक दिली, लोकांनी भराभर पैसे पाठवले, कंपनीवर टीकेचा भडिमार झाला आणि तिने माघार घेतली. पण मुळात हक्क सांगायला नाव नोंदलेलं होतं म्हणून हे जमलं.

आता घर फुटतं तेव्हा काय होतं ते पाहू. ओपनऑफिस हे कार्यालयीन कामाचं सॉफ्टवेअर सन कंपनीकडून ओरॅकलकडे गेलं. नव्या मालकाचा कल पाहून २०१० मध्ये त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळी चूल मांडली. कोड घेऊन जायला कुणाची आडकाठी नव्हती, परवान्यानेच तो हक्क दिलेला होता. नाव मात्र ओरॅकलने सोडलं नाही. मग नव्या चुलीचं नाव पडलं लिब्रेऑफिस. आमचे हिशेब आणि याद्या आज त्यातच असतात. म्हणजे भांडीकुंडी मिळाली, आडनाव राहिलं सासरी. आपल्याकडे बाई घर सोडून निघते तेव्हा बहुतेकदा तिला भांडीकुंडीही मिळत नाहीत, हा भाग वेगळा.

आणि आता आपल्या खास जिव्हाळ्याचा भाग. या जगातली नावं कुणाची आहेत, हे जरा पाहिलंत? डेबियन हे लिनक्सचं एक जुनं, मानाचं रूप. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी ते सुरू केलं आणि तेव्हाची आपली मैत्रीण डेब्रा हिचं नाव आपल्या नावापुढे जोडून हे नाव बनवलं. मायएसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या माहितीसाठ्याच्या प्रणालीतलं ‘माय’ हे निर्मात्याच्या मुलीचं नाव आहे. २००८ मध्ये सन कंपनीने हा व्यवसाय सुमारे शंभर कोटी डॉलरना घेतला, २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली, आणि लेकीचं नाव कंपनीच्या मालमत्तेत जमा झालं. वडिलांनी कोड घेऊन वेगळी चूल मांडली खरी, पण नाव नेता येईना. म्हणून नव्या प्रणालीला धाकट्या मुलीचं, मारियाचं, नाव दिलं. ती मारियाडीबी. मुलींच्या नावाने बापाने एवढं मोठं काम उभं करावं हे कौतुकाचंच. पण आपल्याकडे लक्ष्मी आणि अन्नपूर्णा या नावांनी चाललेल्या किती धंद्यांच्या कागदपत्रांवर बायकांच्या सह्या असतात, हे आठवून मला हसू येतं.

नुसतं नाव असणं एक, नाव देणं दुसरं. ‘ओपन सोर्स’ हा आज सरकारी निविदांतही दिसणारा शब्दप्रयोग १९९८ च्या फेब्रुवारीत ख्रिस्तीन पीटरसन यांना सुचला. ज्या बैठकीत तो रुजला तिथे त्या हजर होत्या. पण आपण या मंडळींत नवख्या, आपलं म्हणणं पुढे रेटायचं कसं, या विचाराने त्या गप्प राहिल्या. त्यांच्या एका सहकाऱ्याने बोलता बोलता तो शब्द सहज वापरला, थोड्या वेळाने दुसऱ्याच्या तोंडी आला, मग सगळ्यांच्या. ही हकिकत त्यांनी स्वतः सविस्तर लिहिली ती २०१८ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. आपल्यापैकी जिने जिने ग्रामसभेत किंवा युनियनच्या सभेत आपलाच मुद्दा शेजारच्या पुरुषाच्या तोंडून मंजूर होताना ऐकला आहे, तिला ही बैठक अगदी डोळ्यांसमोर दिसेल. तसंच ‘वर्डप्रेस’ हे नाव. ते २००३ मध्ये ख्रिस्तीन सेलेक यांनी सुचवलं. आज त्या नावावरून कोट्यवधी डॉलरचे दावे चालतात. त्या दाव्यांच्या बातम्यांत मालकांची नावं असतात, नाव देणारीचं क्वचित. रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेचा लाडका खेकडा फेरिस हा कॅरन रस्टाड टोल्व्हा यांनी काढला आणि त्याच्यावरचा सगळा हक्क सोडून तो सर्वांना खुला केला. याच खेकड्याची पुढे गंमत सांगते.

श्रेय देणं आणि मालकी देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला मान्य आहे. चळवळीचं नाव सुचवणारीच्या मालकीचं व्हावं असं मी म्हणत नाही. पण लिज्जतचं उदाहरण घ्या. १९५९ मध्ये गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. १९६२ मध्ये मालाला नाव हवं म्हणून आपसांत स्पर्धा घेतली. धीरजबेन रुपारेल यांनी सुचवलेलं ‘लिज्जत’ हे नाव निवडलं गेलं आणि त्यांना पाच रुपयांचं बक्षीस मिळालं. नाव संस्थेचं झालं, म्हणजे लाटणाऱ्या बहिणींचं झालं, आणि सुचवणारीचं नाव संस्थेच्या इतिहासात राहिलं. पाच रुपये ही रक्कम फार मोठी नव्हे, पण व्यवहार चोख होता.

नाव राखावं इथपर्यंत ठीक. कसं राखावं, इथे मात्र मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी बरेच घोटाळे घातले आहेत.

फायरफॉक्सची गोष्ट प्रसिद्ध आहे. या न्याहाळकाचं मूळ नाव फिनिक्स. ते दुसऱ्या कंपनीच्या नावाशी भिडलं म्हणून २००३ मध्ये फायरबर्ड केलं. त्या नावाचा आधीच एक मुक्त प्रकल्प होता, त्यांनी आरडाओरडा केला, म्हणून २००४ मध्ये फायरफॉक्स. दोनदा बारसं झालेल्या या मंडळींनी पुढे दुसऱ्यांच्या बाबतीत कडक व्हावं यात नवल नाही. डेबियनवाल्यांचा आग्रह होता की आम्ही फक्त मुक्त वस्तूच वाटतो, आणि फायरफॉक्सच्या बोधचिन्हाचं चित्र मुक्त परवान्याखाली नाही. म्हणून ते कार्यक्रम देत, पण चित्र काढून टाकत. २००६ मध्ये मोझिलाने सांगितलं, नाव हवं तर चित्रासकट घ्या, आणि केलेले बदल आम्हाला दाखवून घ्या. डेबियनने नावच टाकलं आणि तोच न्याहाळक ‘आइसवीझल’ म्हणून दिला. आगीच्या जागी बर्फ आणि कोल्ह्याच्या जागी मुंगसासारखा एक प्राणी! दहा वर्षं हे चाललं. २०१६ मध्ये समेट झाला. दोन्ही बाजू तत्त्वाच्या होत्या, दोघांचंही चुकीचं नव्हतं, आणि या काळात सामान्य वापरणाऱ्याला मात्र कळेना की आपला फायरफॉक्स गेला कुठे. आपल्या दोन पुरोगामी संघटना जेव्हा एका मोर्च्यात दोन बॅनर धरून दोन टोकांना चालतात, तेव्हा फुटपाथवरून बघणाऱ्या बाईचा चेहरा असाच होत असेल.

याहून मजेशीर सेंटओएसचं. ही मंडळी रेड हॅट कंपनीचाच कोड घेऊन, परवान्यानुसार अगदी कायदेशीरपणे, आपली प्रणाली बनवत. २००५ च्या सुमाराला कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं, आमचं नाव वापरू नका. मग सेंटओएसवाले लिहू लागले, उत्तर अमेरिकेतील एका नामवंत विक्रेत्याच्या कोडवरून. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून ‘आमचे हे’, ‘घरातले’, ‘बाळूचे वडील’ म्हणणाऱ्या आपल्या आज्या आठवल्या मला. सगळ्या आळीला ठाऊक, कुणाबद्दल चाललंय. फक्त उच्चार वर्ज्य. आणि इथे तर उखाण्याचीही सोय नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये रस्ट फाउंडेशनने आपल्या नाव-चिन्हाच्या धोरणाचा मसुदा चर्चेला ठेवला. भाषेचं नाव छोट्या छोट्या जोडकार्यक्रमांच्या नावात घेण्यावर बंधनं, चिन्हात बदल करण्यावर बंधनं, इतकंच काय, नाव वापरून मेळावा घ्यायचा तर तिथे शस्त्रं आणायला बंदी हवी आणि आरोग्याचे नियम पाळले पाहिजेत, अशाही अटी त्यात होत्या. शस्त्रबंदी कुणाला नको? पण ती चिन्हाच्या नियमात घालायची? गेली कित्येक वर्षं जे लोक फुकट राबून ही भाषा वाढवत होते त्यांना एकाएकी वाटलं, आपण आपल्याच घरात भाडेकरू झालो. गदारोळ इतका झाला की संस्थेने माफी मागितली आणि मसुदा पुन्हा लिहायला घेतला. रागावलेल्या काहींनी तर ‘क्रॅब’ या नावाने वेगळी चूलही मांडली. या सगळ्यात एकच चिन्ह वादाबाहेर होतं, तो कॅरनबाईंचा खेकडा. तो आधीच सगळ्यांचा होता, आणि सगळ्यांचा असूनही त्याचं काही वाकडं झालेलं नाही.

सर्वांत वाईट उदाहरण वर्डप्रेसचं. हे नाव २०१० मध्ये ऑटोमॅटिक कंपनीने एका धर्मादाय प्रतिष्ठानाला दिलं. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण धंद्यासाठी ते वापरण्याचा खास परवाना परत त्याच कंपनीकडे आला, आणि कंपनी व प्रतिष्ठान या दोन्ही ठिकाणी मॅट मुलेनवेग हे एकच गृहस्थ मुख्य जागी. २०२४ च्या सप्टेंबरात त्यांचं डब्ल्यूपी इंजिन या प्रतिस्पर्धी कंपनीशी वाजलं. नाव वापरता म्हणून उत्पन्नाच्या आठ टक्क्यांची मागणी झाली. याच सुमाराला नाव वापरण्याच्या जाहीर नियमांतच त्या कंपनीच्या नावाचा उल्लेख करून टोमणा घातला गेला. पुढे स्वयंसेवकांना आपल्या खात्यात शिरताना ‘माझा त्या कंपनीशी संबंध नाही’ अशी खूण करणं भाग पडलं. प्रकरण कोर्टात गेलं, डिसेंबरात कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला तो प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने. त्या कंपनीने वर्डप्रेसच्या जिवावर पैसा केला आणि परत फारसं काही दिलं नाही, ही तक्रार खरीही असेल. पण भांडण चालू असताना एकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला नियम हा नियम नसतो. आपल्याकडे संस्थापक ताई, त्यांचा ट्रस्ट आणि ट्रस्टची सचिव यांत फरक उरलेला नसतो तेव्हा काय होतं, हे मी नावं घेऊन सांगायला नको.

डेबियनची रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. त्यांच्याकडे दोन चिन्हं आहेत. एक भोवऱ्याचं, ते कुणीही वापरावं. दुसरं बाटलीसह असलेलं, ते फक्त संस्थेच्या अधिकृत कामासाठी. सदऱ्यावर, टोपीवर छापा, विका, नफासुद्धा करा. फक्त त्यातलं किती आम्हाला देणार आहात ते गिऱ्हाइकाला खरं खरं सांगा, असं त्यांचं धोरण म्हणतं. आमच्याबद्दल बोला, आमच्यावर टीका करा, त्यासाठी नाव घ्यायला परवानगी नको. आमच्या वतीने बोलू मात्र नका.

हा ‘आमच्याबद्दल’ आणि ‘आमच्या वतीने’ यातला फरक मला गेल्या वर्षी फार जवळून दिसला. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी ‘सल्ला केंद्रा’ने आपल्या संघटनेचं चिन्ह पावतीपुस्तकावर छापलं होतं. नवऱ्याने घराबाहेर काढलेली एक बाई तिथली तीन हजारांची पावती घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, ताई, तुमच्याकडे पैसे भरलेत, माझ्या केसचं काय झालं? आपण एका पैशाची फी घेत नाही. तिने पावतीवरची ती मूठ आणि तो गोल ओळखला होता आणि त्या ओळखीवर मंगळसूत्रातले दोन मणी मोडून पैसे भरले होते. त्या केंद्रावर कारवाई करायला गेलो तर पोलीस विचारतात, चिन्ह तुमचं कशावरून? आमच्याकडे जुने फलक, जुने अंक, फोटो. नोंदणीचा कागद नाही.

दुसरं टोकही पाहिलं आहे. एका देणगीदार संस्थेने प्रकल्पासोबत चिन्हाच्या वापराची एक गुळगुळीत पुस्तिका पाठवली. त्यांच्या चिन्हाभोवती किती मोकळी जागा सोडायची, निळा कोणता, शेजारी कुणाचं चिन्ह किती आकाराचं चालेल, सगळं मोजून. वस्तीतल्या बायकांनी जुन्या साडीवर रंगवलेल्या फलकात ते निळं काही जमलं नाही, तर अहवालावर शेरा आला. शिबिरात बायका काय बोलल्या यावर शेरा नव्हता.

म्हणून माझी मागणी अशी. आपलं चिन्ह नोंदवावं, पण कुणा एकीच्या नावावर नको, ट्रस्टच्या दोन-तीन जणींच्या नावावरही नको. १९९९ च्या आपल्या व्यापारचिन्ह कायद्यात सामूहिक चिन्ह अशी तरतूद आहे. ते सभासदांच्या संघाच्या मालकीचं असतं, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे नूतनीकरण करता येणारी, आणि अर्जासोबतच ते कोण, कसं वापरणार याची नियमावली द्यावी लागते. ती आपण एका पानात लिहावी, शिबिरात मोठ्याने वाचून सगळ्यांना समजेल अशा मराठीत. त्यात पैसे मागण्यासाठी, पावतीसाठी, सरकारशी पत्रव्यवहारासाठी चिन्ह लावायचं तर गटाच्या बैठकीतला ठराव हवा, एवढं कडक ठेवावं. फलकावर, भिंतीवर, रांगोळीत, गोधडीवर कुणीही काढावं, वाकडं काढलं तरी चालेल. निवडणुकीच्या प्रचारात कुणीही नाही. आणि एखादा गट मतभेद होऊन बाहेर पडला तर त्याला नाव बदलायला पुरेसा वेळ द्यावा, ‘पूर्वी या संघटनेत होतो’ हे खरं सांगण्याचा त्यांचा हक्क मानावा. हे कलम आज, कुणी बाहेर पडत नसताना लिहून टाकावं. भांडण लागल्यावर ते लिहिता येत नाही, वर्डप्रेसवाल्यांना विचारा.

काही मैत्रिणी म्हणतील, चळवळीचं चिन्ह नोंदवायचं म्हणजे बाजाराची भाषा बोलायची. नोंदणीची भाषा बाजाराची आहेच. पण सातबाऱ्याची भाषाही आपली नव्हती, तरी बायकांची नावं त्यावर चढवण्यासाठी आपण तलाठ्याच्या दारात बसलो.

राहिलं श्रेयाचं. आपलं चिन्ह जिने काढलं ती मैत्रीण पुढे नोकरीनिमित्त दुसऱ्या जिल्ह्यात गेली. इतक्या अंकांवर ते छापून आलं, तिचं नाव एकदाही आलेलं नाही. तिची हरकत नसेल तर पुढच्या अंकापासून मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ते छापावं, असं मी संपादक मंडळाला लेखी कळवलं आहे. तिला पत्र टाकण्याचं काम माझ्याकडे घेतलं आहे.